लाल मुनिया

बोर्डीकरांचे रेल्वे स्थानक म्हणजे घोलवड. तेथून उत्तरेस निघालेला लोहमार्ग अहमदाबादेस जाऊन पोहोचतो. ज्या शहराकडे हा मार्ग जातो, त्याचेच नाव एका चिमुकल्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात दडलेले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तो पक्षी म्हणजे लाल मुनिया.

जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचा हा जीव ओलसर गवताळ जागी, लव्हाळ्यांत व उसाच्या शेतांत थव्याने राहतो. गवताचे बी हे त्याचे मुख्य अन्न. पावसाळ्यात त्याच्या विणीचा काळ सुरू होतो. त्या वेळी नर गर्द तांबडा दिसतो व त्या तांबड्या अंगावर पांढरे ठिपके उठून दिसतात. विणीचा हंगाम सरला की तो रंग उतरतो आणि नरही मादीसारखा तपकिरी होतो.

याचे भाऊबंद फार थोडे. या प्रजातीत जगात तीनच जाती आहेत. एक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांत राहते. दुसरी हिरवी मुनिया; ती केवळ भारतात आढळते व आज तिची संख्या चिंताजनक झाली आहे. तिसरी ही लाल मुनिया.

पूर्वी हे पक्षी पिंजऱ्यांत घालून अहमदाबादेहून परदेशी पाठवीत. लिनियसने 1758 साली पक्ष्यास ‘अमंदवा’ हे नाव दिले, ते या शहरावरूनच आले आहे. ज्या गवतात पक्षी वाढला, त्याची आठवण नावात नाही. ज्या बाजारात तो विकला गेला, त्याची मात्र राहिली! स्पेन व फिजी येथे आज आढळणारे त्याचे थवेही पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांचेच वंशज होत.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री आता निषिद्ध आहे. तथापि कायद्याचा हात प्रत्येक घराच्या सज्जापर्यंत पोहोचत नाही. तांबडा रंग पाहून मुले हट्ट धरतात, वडील माणसे पैसे मोजतात, आणि चार महिन्यांनी पिंजऱ्यात एक तपकिरी, एकाकी पाखरू उरते. थव्यावाचून या पक्ष्याचे जीवन अपुरे आहे. मुलांस लाल मुनिया दाखवावयाची असेल, तर पावसाळ्यात त्यांस एखाद्या ओल्या गवताच्या कडेला न्यावे आणि थोडा वेळ गप्प उभे राहावे.