डेम्लो: एका सतरा अंकी संख्येची गोष्ट

वही घ्या. तिच्यात ओळीने नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं 12345678987654321. नवापर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं!

उभा गुणाकार मांडला की गुपित कळतं. पहिल्या स्तंभात एक एकक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि डौल मोडतो: 1234567900987654321.

पहिल्या उत्तरातल्या सतरा अंकांची बेरीज 81, म्हणजे नवाचा वर्ग. मूळ अवयव मात्र तीनच: 3, 37 आणि 333667. हा शेवटचा आडदांड कुठून आला, असं वाटतंच!

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ही कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचली, तेव्हाचं नाव डेम्लो. 6174 या संख्येमुळे ओळखले जाणारे कापरेकर ते हेच. 1975 मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर त्यांचं नाव झालं.

आता आठ एक घेऊन पाहा. अंकांची बेरीज 64 येते का?