नेतृत्वाची वाटणी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपण आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केलीत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. उपदेशाचा अधिकार आमचा नाही. परंतु स्वतःची एक चूक सांगण्याचा अधिकार वयाने आम्हांस दिला आहे.

आपल्या वसतिगृहाचे बांधकाम चालू असता आम्ही समितीचे चिटणीस होतो. हिशेबाची वही, कोठीची किल्ली, गवंड्यांशी बोलणी, वर्गणीच्या पावत्या, सारे आमच्याच हाती. सहकारी मदतीस सिद्ध होते. पण आम्ही त्यांस निरोप्यांपलीकडे काही होऊ दिले नाही. ऐन वैशाखात विषमज्वराने आम्ही दोन महिने अंथरुणास खिळलो. कोणाचे किती देणे आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते. मजूर निघून गेले, पावसात सिमेंटच्या गोण्यांचे दगड झाले, आणि त्या वर्षी खेड्यांतून आलेली मुले माघारी गेली. लोक आमच्या वागण्यास निष्ठा म्हणत. तो अहंकार होता.

१६८९ साली संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराजांस दूर जिंजीस जावे लागले. त्यांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपविला व त्यांस ‘हुकमतपनाह’ हा किताब दिला. म्हणजे नुसते काम नव्हे, निर्णयाचा अधिकारही दिला. जिंजीस प्रल्हाद निराजी, इकडे शंकराजी नारायण, रणांगणात संताजी घोरपडे व धनाजी जाधव. राजा दूर, राजधानी शत्रूच्या हाती. तरी राज्य तगले. परंतु उत्तरार्धही विसरू नये. सेनापतिपदावरून संताजी-धनाजींत वितुष्ट आले आणि १६९७ साली संताजींचा घात झाला. अधिकार वाटावा, तशा त्याच्या सीमाही आखाव्यात.

दुसऱ्या वर्षी आम्ही तेच केले. हिशेब एकाकडे, बांधकामावरील देखरेख दुसऱ्याकडे, वर्गणी महिला मंडळाकडे. दर रविवारी वही सर्वांदेखत वाचली जाई. छपराच्या वेळी बांधकाम जाणणारा पुढे, आम्ही मागे; वर्गणीच्या वेळी भगिनी पुढे, आम्ही सारे मागे. ज्या घडीला ज्याचे काम, त्या घडीला तोच पुढारी. आणि चूक झाली तर ती साऱ्या समितीची. दिवाळीपूर्वी छप्पर चढले.

तरुणांनो, पुढील कार्य आपल्या हाती आहे. वडीलधाऱ्यांनी किल्ली वेळीच सोडावी, आणि आपण ती एकाच्याच कनवटीस राहू देऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.