रात्रीचा चोर

संत्र्या-मोसंबीची बाग आपण दिवसभर राखतो. पण एक चोर रात्री येतो. तो म्हणजे फळातला रस शोषणारा पतंग.

दिवसा तो झाडीत गुपचूप बसतो. त्याचे वरचे पंख वाळक्या पानासारखे. जवळ गेलो तरी ओळखू येत नाही. पाखराने गाठलेच, तर तो पंख उघडतो. आतले नारिंगी पंख, त्यांवरचे काळे डाग, एकदम झळकतात. पाखरू दचकते. तेवढ्यात पतंग उडून दुसरीकडे बसतो आणि रंग झाकून घेतो. पाखरू नारिंगी रंगच शोधीत राहते!

अंधार पडला की हा बागेत शिरतो. त्याची सोंड टोकदार अन् कणखर. तो सालीला भोक पाडून रस पितो. भोकातून बुरशी शिरते. फळ सडते, गळते.

बहुतेक किडींची अळी पिकाचा नाश करते. इथे उलटे आहे, बघा. ह्याची अळी गुळवेल, वासनवेल यांची पाने खाते. फळाला ती शिवतही नाही.

मग करायचे काय? गळलेली फळे रोज वेचू आणि खोल पुरू. त्यांच्या वासाने पतंग येतात. फळे पिकू लागली की सांजेला बागेत धूर करू. रात्री बॅटरी घेऊन फळांवरचे पतंग पकडू. गुळवेल औषधी आहे; पण बागेजवळच्या वेलीवरच्या अळ्या वेचून मारू.

एकट्याने भागणार नाही. पतंगाला बांध नसतो. शेजाऱ्यालाही सांगू, सारे मिळून करू.