जिनिव्हाच्या कागदात आमची लेकरं

शाळेचं प्रगतिपुस्तक विद्यार्थ्यानेच भरलं तर काय होईल? देशांच्या बाबतीत बरंचसं तसंच होतं. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क करार मंजूर केला आणि भारताने तो ११ डिसेंबर १९९२ला स्वीकारला. करारातल्या देशाने दर पाच वर्षांनी जिनिव्हातल्या १८ तज्ज्ञांच्या समितीपुढे स्वतःचा अहवाल ठेवायचा असतो. भारताचा असा आढावा २०००, २००४ आणि २०१४ साली झाला.

सरकार स्वतःबद्दल काय लिहील, हे सांगायला कवी लागत नाही. म्हणूनच कराराच्या ४५व्या कलमाने जाणकार संस्थांनाही समितीपुढे येण्याची वाट मोकळी ठेवली. त्यांच्या कागदाला पर्यायी अहवाल म्हणतात. बालमजुरीविरोधी अभियान या संस्थांच्या जाळ्याने १९९९ साली असा अहवाल पाठवला होता. सरकारी प्रतिनिधींना बोलावण्याच्या काही महिने आधी समिती संस्थांना बंद दाराआड भेटते. मुलंही तिथे बोलू शकतात. सरकारला काय विचारायचं, ते त्यातून ठरतं.

याने काही होतं का? होतं, पण सावकाश. मुलांसाठी स्वतंत्र, कायद्याने बांधलेला राष्ट्रीय आयोग नेमा, असं समितीने २००० साली सुचवलं. कायदा २००५ साली झाला, आयोग २००७ साली आला. तोवर तेव्हाची दहा वर्षांची पोरगी सतरा वर्षांची झाली होती.

आता आपल्या यवतमाळकडे या. दिवाळीनंतर कापूस फुटला की खेड्यातल्या शाळेची हजेरी विरळ होते. सहावीतली मुलगी वावरात असते. वेचत नसली तर धुऱ्यावर धाकट्या भावाला सांभाळत असते. तिला कोणी बालमजूर म्हणत नाही, कारण वावर घरचंच. कामाच्या किमान वयाची अट सगळीकडे एकदम लागू करता येणार नाही, टप्प्याटप्प्याने करू, अशी पुस्ती भारताने करार स्वीकारतानाच ३२व्या कलमापाशी जोडली होती. २०१६च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुटीत घरच्यांना हातभार लावायची मुभा ठेवली. शाळा बुडवून लावलेला हातभार मात्र मजुरीच्या तक्त्यात दिसत नाही. शाळेच्या पटावर तर मुलगी आहेच! तिची दखल घेतली तर हा दुसरा अहवालच घेईल.

माझ्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने अशा अहवालासाठी जमवलेली काही पानं मराठी करून द्यायला माझ्याकडे आणली. वाचून मी म्हटलं, ‘भाऊ, हे तर देणगीदाराला लिहिलेलं पत्र झालं.’ रडवेला चेहरा, संस्थेचा मदतीचा हात, शेवटी हसरा चेहरा. देणगीसाठी ते ठीक असेल. समितीला मात्र वेगळंच हवं असतं: कोणत्या महिन्यात किती मुली किती दिवस गैरहजर, वसतिगृह किती कोसांवर, कोणतं कलम मोडलं आणि जबाबदार कोण. संस्थेची थोरवी तिथे कामाची नाही. मानवाधिकार परिषदेच्या सार्वत्रिक आढाव्यात, जो भारताचा २०२२ साली चौथ्यांदा झाला, एकट्या संस्थेला २८१५ शब्दांचीच मुभा असते. मला ही अट आवडते. विशेषणं आपोआप गळतात. भीती एवढीच की त्यांच्याबरोबर आमचं वावर आणि धुराही गळायचा, आणि ‘ग्रामीण बालिका’ एवढंच उरायचं.

माझी खरी तक्रार परतीच्या वाटेबद्दल आहे. समितीचं उत्तर इंग्रजीत येतं आणि दिल्लीत मुक्काम ठोकतं. करार आणि त्याखालचे अहवाल लोकांपर्यंत पोचवायचं काम ४२ आणि ४४व्या कलमांनी सरकारवर टाकलं आहे. ते होईल तेव्हा होवो. पण ज्या संस्था आमच्या लेकरांच्या तोंडून माहिती नेतात, त्यांनी तरी दोन पानांचं मराठी उत्तर घेऊन परत यावं. गावात जागा शोधायलाही नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद आईबापच असतात. त्यांच्या बैठकीत ही दोन पानं वाचायची, मुलींना समोर बसवून, आणि विचारायचं, ‘बाई, तू सांगितलं होतं ते यात आलं का?’