बारा फुटांत फ्रान्सची आगगाडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



शेजारच्या दालनात आम्ही तिघांनी मांडलेली आगगाडीची फळी पाहून कित्येकांनी मघाशी पृच्छा केली की, हा मुलांचा खेळ थोरांनी का मांडावा? प्रश्न रास्त आहे. वाद घालण्यापेक्षा ती फळी कशी घडली तेच आम्ही निवेदन करतो.

आमचे प्रमाण १ : ८७ आहे. १४३५ मिलिमीटर रुंदीचा खरा रूळमार्ग या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटर होतो. हिशेब येथेच बोचू लागतो. आमची फळी बारा फूट लांब, म्हणजे खऱ्या भूमीवर जेमतेम ३१८ मीटर. साडेतेवीस मीटरचा एकेक डबा येथे सत्तावीस सेंटिमीटर जागा घेतो; दहा डब्यांची जलद गाडी उभी केली की स्थानक संपलेच! म्हणून पॅरिसचे भव्य स्थानक आम्ही मनातून काढून टाकले आणि एका खेड्याचे लहानसे स्थानक योजिले. खऱ्या मार्गावरील तीनशे मीटर त्रिज्येचे वळणही येथे जवळजवळ साडेतीन मीटरचे व्हावे. आम्हांला मिळाले साठ सेंटिमीटर. ते वैगुण्य टेकडीआड आणि झाडांमागे दडविले आहे.

त्याहून कठीण होती काळाची निवड. फ्रान्समधील रेल्वे १ जानेवारी १९३८ रोजी एका राष्ट्रीय संस्थेखाली आली. पुढे महायुद्धात पूल, यार्डे व इंजिने यांचा प्रचंड संहार झाला, तेव्हा अमेरिका व कॅनडा येथील कारखान्यांकडे '१४१ आर' जातीची १३४० इंजिने मागविण्यात आली. त्यांपैकी सोळा १९४७ मध्ये जहाजासह समुद्रात बुडाली. आम्ही १९५० नंतरची काही वर्षे निवडली, कारण तेव्हा ही परदेशी इंजिने आणि जुनी फ्रेंच 'कंपाउंड' इंजिने एकाच स्थानकात शेजारी उभी राहत. (फ्रान्समध्ये चाके नव्हे, आस मोजतात: पुढे एक, मध्ये चार जोडलेले, मागे एक; म्हणून १४१.) कंपाउंड इंजिनात वाफ प्रथम उच्च दाबाच्या सिलिंडरांत काम करते आणि मग मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरांत पुन्हा राबते. कोळसा वाचतो, परंतु चालकास कौशल्य लागते. अशा इंजिनावर बहुधा एकच ठरावीक जोडी असे, एक चालक व एक आगवाला, आणि ती जोडी त्याला घरच्या भांड्यासारखे घासूनपुसून ठेवी. '१४१ आर' मात्र पुष्कळदा हाती येईल त्याने चालवावे असे होते. म्हणून आमच्या फळीवर कंपाउंड लखलखीत आणि '१४१ आर' काजळीने माखलेले आहे. तरुण मंडळींना ही काजळी रुचली नाही. आम्ही ती पुसली नाही.

गाड्या डावीकडून धावतात, आपल्याकडच्याप्रमाणेच. अपवाद आल्सास व लोरेनचा: तो प्रदेश १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता, म्हणून तेथे आजही उजवीकडून. सिग्नलांत तांबड्या-पांढऱ्या चौकटींचा पट्टा आडवा आला की निरपवाद थांबा; पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला की पुढे थांबण्याची सूचना. हे पट्टे आम्ही पत्र्यातून कापून रंगविले.

विजेविषयी थोडेच. दोन रुळांतून बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह जातो. मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला की धन रूळ ऋण रुळाला भिडतो, म्हणून तेवढा तुकडा दोन्ही टोकांना तोडून वेगळा ठेवावा लागतो आणि त्याला निराळी कळ लागते.

आता ज्यावरून आम्हां तिघांत खरा तंटा झाला ते इंजिन. आंद्रे शापलाँ या अभियंत्याने १९३२ चे एक असमाधानकारक इंजिन मुळापासून सुधारून १९४६ मध्ये '२४२ ए १' सिद्ध केले. युरोपातील अत्यंत सामर्थ्यशाली वाफेच्या इंजिनांत त्याची गणना होते. परंतु तोवर विद्युतीकरणाचा निर्णय झालेला होता. त्याच्या जोडीचे दुसरे इंजिन कधी झालेच नाही आणि १९६० मध्ये ते मोडीत निघाले. कोणत्याही संग्रहालयात ते नाही. आम्ही रेखाचित्रांवरून त्याची प्रतिकृती पत्र्यात घडविली. एकाचे म्हणणे, ते ल मां येथील डेपोचे, आमच्या खेड्यात त्याला काय काम? इतिहासाशी ही प्रतारणा होय. दुसऱ्याचे म्हणणे, जे जगात कोठेच धावू शकत नाही, ते येथेही काचेच्या पेटीत ठेवावयाचे काय? दोन महिने रूळ रिकामे राहिले. अखेर ठरले ते असे: वेळापत्रकातील सर्व गाड्या संपल्या, बाजूच्या मार्गांवर गेल्या, की ते इंजिन एकटे, डब्यांवाचून, एक फेरी घेईल, आणि तेवढा वेळ स्थानकावर 'वेळापत्रकाबाहेर' अशी पाटी लागेल.

आज ती फेरी सायंकाळी सहा वाजता आहे. मुलांना पुढे उभे करावे. फळीला मात्र कोणी टेकू नये, ही विनंती.