एका रविवारची मुंबई



मला इथं बोलवताना विषय दिला होता ‘भाषा आणि आपण’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सोलापूरला बीई केलं, बारा वर्षं नोकरी करतोय, रोज मिरा रोडहून गोरेगावला लोकलनं जातो. भाषण मला जमत नाही. म्हणून तुम्हाला मागच्या डिसेंबरातला एक रविवार सांगतो. त्या दिवशी आम्ही पाचजण मुंबई बघायला गेलो होतो. अब्बा, अम्मी, माझी बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी.

आम्ही बार्शीचे. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते. मराठी आणि इतिहास शिकवायचे. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं कितीदा आले, पण अंधारात सीएसएमटीला उतरायचं, टॅक्सी, लोकल, मिरा रोड, आणि चार दिवसांनी परत. मुंबई बघायची राहूनच गेली. खरं सांगायचं तर मीही पाहिली नव्हती. हात वर करायला लावत नाही, पण इथल्या किती जणांनी म्युझियम आतून पाहिलंय?

रविवारी ब्लॉक असतो, म्हणून सकाळीच निघालो. गाडीत बसायला जागा मिळाली. अब्बा लेकीला स्टेशनांची नावं सांगत होते. समोर एक सज्जन गृहस्थ बसले होते. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, मग हसून म्हणाले, “वा, मराठी किती छान बोलता तुम्ही! कुठं शिकलात?”

अब्बांची दाढी पांढरी, डोक्यावर टोपी. हा प्रश्न तुम्हालाही आला असेल. मला तर ऑफिसात वर्षातून दोनदा येतो.

अब्बा म्हणाले, “घरी आणि शाळेत. बार्शीला.”

“हो, पण मूळचे कुठले?”

“मूळचा बार्शीचा.”

“नाही, म्हणजे मूळचे...”

अब्बांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आमच्या आजोबांच्या आधीचं मला ठाऊक नाही. तुमचं मूळ कुठलं?” गृहस्थ अमरावतीचे निघाले. पुढं अंधेरीपर्यंत दोघं तुरीच्या भावावर बोलत राहिले. माणूस चांगला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. वाईट माणसाला उत्तर देता येतं.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत गेलो. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या काळातल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती. २०१८ साली युनेस्कोनं या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरवल्या. मुलं क्रिकेट खेळत होती. लेकीला त्यातच जास्त रस होता.

मग हुतात्मा चौक. १८६४ चं फ्लोरा फाउंटन, आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. अब्बा थांबले. मास्तरकी अंगातून जात नाही, म्हणाले, “वाच बघू काय लिहिलंय.” लेकीनं वाचलं. अक्षरं येतात तिला; मराठी विषयात तिला ए ग्रेड आहे. वाचून झालं आणि तिनं विचारलं, “दादा, हुतात्मा मतलब?”

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. काही बोलले नाहीत. सकाळच्या गाडीतला प्रश्न मला जितका लागला, त्याहून हे बघणं जास्त लागलं.

तिला त्यांनी सांगितलं, “हुतात्मा म्हणजे शहीद.” मग तिथंच कठड्याशी टेकून २१ नोव्हेंबर १९५५ ची गोष्ट सांगितली. मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून लोक याच भागात मोर्चानं आले होते, गोळीबार झाला, पुढच्या काळात शंभरावर माणसं गेली, तेव्हा कुठं १ मे १९६० उजाडला. आणि मग त्यांनी तिला शाहीर अमर शेख सांगितले. हे नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६, आमच्या बार्शीचा. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना त्यांच्या आवाजानं मैदानं भरायची. अब्बा म्हणाले, “माझ्या अब्बांनी त्यांना ऐकलंय. माइक नसला तरी चालायचं म्हणे.”

लेक म्हणाली, “अपने बार्शी के?” “आपल्या बार्शीचे,” अब्बांनी दुरुस्त केलं.

म्युझियमला पोचलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स. पायाभरणी १९०५ ची. बागेतून घुमट दिसला आणि अब्बा मोठ्यानं म्हणाले, “अरे, हा तर आपला गोलघुमट!” मी म्हटलं, अब्बा, हळू. पण बरोबर होतं त्यांचं. वास्तुकार जॉर्ज विटेट यानं तो घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलाय. अब्बा दरवर्षी सातवीची सहल विजापूरला न्यायचे; तो घुमट त्यांना लांबून ओळखू येणारच. गेटवेही विटेटचाच. १९११ साली राजा पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून बांधायला घेतला, १९२४ ला पुरा झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून बोटीवर चढली. राजा यायचा दरवाजा त्यांच्या जाण्याच्या कामी आला. अम्मीला मात्र तिथली कबुतरं आणि वारा आवडला. ती अर्धा तास कट्ट्यावर बसून राहिली. गुडघे दुखत होते, पण कबूल करेना.

टॅक्सीनं सीएसएमटीला गेलो. अब्बांनी पहिल्यांदा ती इमारत उजेडात, बाहेरून पाहिली. समोरच अंजुमन-ए-इस्लामची शाळा. संस्था १८७४ ची, बद्रुद्दीन तय्यबजींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेली. हेच तय्यबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. रोज हजारो लोक त्या इमारतीसमोरून जातात आणि तिला स्टेशनचाच भाग समजतात.

जोहरला जामा मशीद. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. खाली पाणी, त्यात मासे. लेक मासे मोजत बसली. इथं अब्बांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी इतकी वर्षं मुंबईत काढून ऐकली नव्हती. या मशिदीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मुसलमानांकडं राहिला. त्यांच्यातल्या नाखुदा महंमद अली रोघे या व्यापाऱ्यानं तिच्यावर मजला चढवला. नाखुदा म्हणजे जहाजवाला. म्हणजे या शहराच्या जुन्या रहिवाशांत घरी कोकणी बोली बोलणारे मुसलमान होते. गाडीतल्या त्या गृहस्थांना हे सांगता आलं असतं. पण मलाच माहीत नव्हतं.

रविवार असल्यानं बाजाराची शटरं निम्मी खाली होती, तरी अम्मी आणि बायकोला दुपट्टे मिळालेच. मिनारा मशिदीपाशी जेवलो, फिरनी खाल्ली. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो तेव्हा कोणाच्याच पायात जीव नव्हता.

तिथं मी अब्बांना म्हटलं, शाळेत मराठी आहे, पण बाकी सगळं हिंदीतच चालतं. अब्बा म्हणाले, “घरी?” घरीसुद्धा. बार्शीत आम्ही घरात दखनी बोलायचो आणि दार उघडलं की मराठी. शेजारी कुंभार, पलीकडं माळी, समोर जंगम. मराठी मला कोणी शिकवली नाही, ती गल्लीत होती. मिरा रोडला घर शोधायला गेलो तेव्हा एजंटनं नाव विचारलं आणि म्हणाला, “तुमच्यासाठी नयानगरच बरं.” चार सोसायट्यांनी नकार दिल्यावर मलाही ते बरं वाटलं. ९२-९३ नंतर कितीतरी घरं अशीच इकडं आली. माणसं चांगली आहेत, मशीद जवळ, दवाखाना जवळ. पण माझ्या लेकीच्या इमारतीत कोणी यूपीचं, कोणी गुजरातचं, कोणी कोकणातलं, आणि सगळ्यांची मिळून एकच भाषा, हिंदी. घर कुठं मिळतं त्यावर पोरांची भाषा ठरते. २०२५ च्या जुलैत आपल्याच मिरा रोडला मराठीवरून एकापाठोपाठ मोर्चे निघाले, तेव्हा हे कोणी बोललं नाही.

पण सगळा दोष एजंटवर टाकला तर मी खोटा पडेन. बायको लातूरची. आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत भांडतो आणि लेकीशी हिंदीत बोलतो. हे काही कोणी आमच्यावर लादलेलं नाही.

अब्बांनी उपदेश केला नाही. परतीच्या गाडीत त्यांनी लेकीच्या वहीत शब्द लिहायला सुरुवात केली. कठडा, घुमट, मशाल, तळं. दिवसभरात जे पाहिलं तेच. मंगळवारी ते गेले. आता दर रविवारी सकाळी फोन येतो, आणि तेव्हा आमच्या घरी हिंदी बंद. पंधरा मिनिटं. त्यापुढं आम्ही अजून गेलेलो नाही, हेही सांगून टाकतो.

गेल्या आठवड्यात लेक ती वही घेऊन माझ्याकडं आली. एक शब्द तिनं स्वतःच लिहिला होता, त्या दिवशी गाडीत ऐकलेला. मोडकंतोडकं, पण मराठीत विचारलं, “पप्पा, ‘मूळचे’ म्हणजे काय?”

मी तिला बार्शीला फोन लावून दिला.