फाल्गुनातला पाऊस

फाल्गुन वद्यात माळव्यात पाऊस पडला, की तो कोणालाच नको असतो. शेतकऱ्याचा गहू विळ्याची वाट पाहत उभा असतो. भिजला की दाण्याची चमक जाते आणि बाजारात भाव उतरतो. हा पाऊस मोसमी वाऱ्यांचा नव्हे. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे वातावरणातील विक्षोभ उत्तर हिंदुस्थानावरून जाऊ लागले, आणि त्यांना अरबी समुद्रावरील बाष्पाची जोड मिळाली, म्हणजे इंदूरचे आकाश असे अवेळी भरून येते.

मल्हारगंजातील एका जुन्या घरात त्या शनिवारी हा पाऊस आणखी दोघांना नकोसा झाला. लग्नाला जेमतेम महिना झालेला. पाहुण्यांची वर्दळ नुकती ओसरलेली, आणि शनिवार-रविवारी महेश्वरला जाऊन नर्मदेचा घाट पाहण्याचा बेत ठरलेला. रंगपंचमीच्या गेरीने रंगलेले रस्ते पहाटेपासून धुऊन निघत होते. गाडी रद्द झाली. तो खिडकीशी हिरमुसून बसला. ती स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हाताखाली गेली. एका घरात राहूनही दोघांना एकमेकांशी काय बोलावे हे अजून नीटसे उमगले नव्हते. लग्नाच्या गडबडीत माणसे जवळ येतात, परंतु ओळख व्हायला निवांतपणा लागतो, आणि तो कोणाच्याही आमंत्रणपत्रिकेत छापलेला नसतो.

दुपारी वीज गेली. जुन्या छपराचे एक कौल सरकले आणि पाण्याची धार नेमकी नव्या सुनेच्या माहेरच्या पेटीवर पडू लागली. दोघांनी मिळून पेटी ओढली, उघडली, साड्या बाहेर काढल्या. त्यांच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तके आणि वह्या होत्या.

“ही कसली पुस्तके?” त्याने विचारले.

“एम. ए.ची. परीक्षा दीड महिन्यावर आहे,” ती म्हणाली. “पण आता ते राहू द्या.”

“राहू द्या का?”

“अहो, कोणी विचारलेच नाही. आणि आल्या आल्या आपणहून सांगायचे, म्हणजे सासरी काय वाटेल?”

त्याला उत्तर सुचेना. कोणी विचारले नाही, त्या न विचारणाऱ्यांत तोही होता. महेश्वरच्या प्रवासाचा तपशीलवार बेत आखणाऱ्या त्या तरुणाने पत्नीच्या वर्षभराच्या अभ्यासाची एका शब्दाने चौकशी केली नव्हती. तो मुकाट्याने ओल्या वह्यांची पाने एकेक करून सुटी करू लागला. शाई काही ठिकाणी फुटली होती. जिथे अक्षर लागत नव्हते, तिथे ती आठवून सांगे आणि तो कोऱ्या कागदावर उतरवून घेई. संध्याकाळ होईपर्यंत दोघांचे जितके बोलणे झाले, तितके महिन्याभरात झाले नव्हते.

रविवारी पाऊस चालूच होता. भज्यांची ताटली पुढे ठेवीत सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, काल दिवे लागेपर्यंत काय लिहीत होतात दोघे?” त्याने सारे सांगितले. तिने मान खाली घातली. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. घरातले कामाचे हात एकाएकी कमी होणार, हे त्यांच्या मनात आले नसेल असे नाही. बोलले ते सासरे:

“अग, ही पेठ ज्या मल्हाररावांच्या नावाची, त्यांनी काय केले? १७३३ साली चौंडीची आठ वर्षांची मुलगी सून म्हणून आणली आणि तिला कारभार शिकवला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा होळकरांचे घर सावरायला तीच सून उभी राहिली. आपण मल्हारगंजात राहायचे आणि सुनेची पुस्तके पेटीत ठेवायची?”

सासूबाई हसल्या नाहीत. मात्र थोड्या वेळाने म्हणाल्या, “सकाळचा स्वयंपाक परीक्षेपर्यंत माझ्याकडे. संध्याकाळी याला पोळ्या लाटायला शिकवा.”

सोमवारी लख्ख ऊन पडले. गच्चीवर साड्यांच्या शेजारी वह्या वाळत होत्या, आणि घराचा धनी कौल बसवून घेत होता. महेश्वरचा घाट पाहायचा राहिला तो राहिलाच. परीक्षा झाल्यावर दोघे जातील.